मानेला वजन लावण्याआधी



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते सर शाळेत विज्ञान शिकवायचे. फळ्यावर कप्पी काढून बलाची दिशा समजावून द्यावी ती त्यांनीच. म्हणून यंदा कोणता विषय घ्याल, असं संयोजकांनी विचारलं तेव्हा मी दोरी, कप्पी आणि वजन हाच विषय मागून घेतला. फरक एवढाच की या दोरीच्या एका टोकाला माणसाची मान आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानेला ट्रॅक्शन देणं, ज्याला आपण सगळे ‘वजन लावणं’ म्हणतो, हे माझं रोजचं काम आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. ट्रॅक्शन हे उपयोगी साधन आहे, पण ते थोड्याच मानांसाठी आहे. दुखणाऱ्या दहा माना समोर आल्या, तर त्यातल्या कोणत्या मानेला ते द्यायचं हे ठरवायला यंत्र लागत नाही. दोन हात लागतात आणि शांतपणे दिलेली दहा-पंधरा मिनिटं लागतात. ती मिनिटं आपल्याकडे दिली जात नाहीत आणि रुग्णही ती मागत नाहीत. ‘मशीनवर घ्या’ एवढंच मागतात.

आपल्या नाशिक जिल्ह्यात मान कशाने दुखते हे पाहायचं तर आधी शेतात जायला हवं. ऑक्टोबर छाटणी झाली की दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागांमध्ये सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या मजुरांच्या टोळ्या उतरतात. मणी धरले की विरळणी सुरू होते. बाई मांडवाखाली उभी राहते, डोकं मागे टाकते, एका हाताने घड धरते आणि दुसऱ्या हातातल्या बारीक कात्रीने जादा मणी एकेक करून काढते. मग डिपिंग. द्रावणाचा डबा वर न्यायचा, घड त्यात पुरता बुडवायचा, डबा खाली घ्यायचा, की पुढचा घड. हात खांद्याच्या वर, हनुवटी आभाळाकडे, आणि हे सकाळपासून ऊन कलेपर्यंत. परदेशात जाणारा टपोऱ्या, सुट्या मण्यांचा घड या मानांनी घडवलेला असतो.

येवल्यात नेमकं उलटं. पैठणीच्या मागावर बसलेला विणकर सतत खाली पाहतो. पदरावरचा मोर उतरवताना रेशमाच्या रंगीत कांड्या एकातून एक फिरवायच्या असतात, नजर एका वीतभर जागेवर खिळलेली असते, आणि काम भारी असेल तर एक साडी महिनोन्‌महिने मागावर राहते. लासलगावला व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांद्याची गोणी मानेच्या मुळाशी टेकवून हमाल ट्रकवर चढतो. त्र्यंबक आणि पेठच्या पाड्यांवर बाया डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवून चढ चढतात. घानाची राजधानी अक्रा इथे डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांच्या मानेचे एक्स-रे काढून पाहिले गेले आहेत. ओझं न वाहणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मणक्यांची झीज कितीतरी जास्त आढळली. आपल्या हंड्यांचं काही वेगळं असेल असं मला वाटत नाही. सातपूर-अंबडचे मशीनवरचे कामगार, संगणकावरची मुलं, बाराव्या यत्तेची पोरं यांच्याविषयी मी वेगळं बोलत नाही, कारण त्यांच्या मानेविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येतं. बागेतल्या मानेविषयी येत नाही.

ही सगळी माणसं येऊन सांगतात ते सारखंच असतं: मान धरली, खांदा भरून येतो, पाठीत चमक निघते. पण आत चाललेलं सारखं नसतं.

मानेत सात मणके आहेत आणि त्यांच्यामधून मज्जातंतूंच्या आठ जोड्या बाहेर पडतात. हात, खांदा, बोटं यांचा बहुतेक कारभार यांतल्या खालच्या जोड्यांकडे असतो. दोन मणक्यांच्या मधे मागच्या अंगाला दोन्ही बाजूंना एक लहान खिडकी असते, तिच्यातून मज्जातंतू, म्हणजे आपण म्हणतो ती नस, बाहेर येते. वयाने किंवा भाराने मधली चकती बसली, सरकली, कडेला हाडाची टोकं वाढली, तर ती खिडकी लहान होते. डोकं मागे टाकलं आणि एका बाजूला कललं की ती आणखी लहान होते, आणि विरळणी करताना मान नेमकी तशीच असते. नस दाबली गेली, तिला सूज आली, की दुखणं मानेत थांबत नाही. ते हातात उतरतं. सहावी नस असेल तर अंगठ्याकडे मुंग्या येतात. सातवी असेल तर मधल्या बोटाकडे येतात आणि दंडाच्या मागच्या स्नायूतला जोर कमी होतो. या दोन नसाच सर्वांत जास्त वेळा दाबल्या जातात.

मात्र मान दुखणाऱ्या बहुतेकांची नस दाबलेली नसते. स्नायू आखडलेले असतात, लहान सांधे कुरकुरत असतात, झोप पुरेशी नसते, काळजी असते. अशा मानेला कप्पीवर टांगून फार काही साधत नाही. तिला हालचाल हवी, शेक हवा, स्नायूंना जोर हवा, आणि ज्या कामाने ती दुखली त्या कामात बदल हवा.

आता मी एक मान जरा जवळून दाखवते.

निफाडकडच्या एका बागेतून एक मावशी आल्या होत्या. बाकावर बसल्या त्या उजव्या हाताचा पंजा डोक्यावर ठेवूनच. नाव-गाव सांगताना, कागद पुढे करताना, तो हात त्यांनी खाली घेतला नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘‘असा ठेवला की कळ उतरती ताई, रातची झोपती बी अशीच.’’ निदान तिथेच निम्मं झालं होतं. हात डोक्यावर ठेवला की दाबल्या गेलेल्या नसेवरचा ताण सैल पडतो. शरीराने स्वतःच शोधून काढलेला हा उपाय ज्या रुग्णात दिसतो, त्याच्या नसेविषयी मी आधी विचार करते. मावशींच्या दोन फाइली भरून एक्स-रे होते आणि मानेला पट्टा होता. पण त्यांच्या मानेला अजून कोणी नीट हात लावला नव्हता.

तपासणी साधी असते. दंडाच्या मागचा जोर पाहिला, तो उजवीकडे कमी होता. कोपराच्या मागे ठोक मारून पाहिली, हाताचा झटकाही मंद होता. मग डोकं दुखऱ्या बाजूला कलवून वरून हलकासा दाब दिला. कळ बोटापर्यंत गेली, मी लगेच हात काढला. ही परीक्षा स्पर्लिंग आणि स्कोव्हिल या दोन अमेरिकी शल्यचिकित्सकांनी १९४४ साली मांडली, आजही ती तितकीच कामाची आहे. मग मावशींना उताणं झोपवलं. एका तळव्यात त्यांच्या डोक्याचा मागचा भाग घेतला, दुसऱ्या हाताची बोटं हनुवटीखाली हलकेच टेकवली, मान किंचित पुढे आणली आणि माझ्या अंगाच्या भाराने हळूहळू ओढ दिली. बोलत काही नव्हते, फक्त ‘हात कसा आहे’ एवढंच विचारत होते. काही सेकंदांनी त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या आणि त्या म्हणाल्या, ‘‘गेली.’’ ओढ सोडली, कळ परत आली. पुन्हा दिली, पुन्हा गेली.

या मानेला ट्रॅक्शन द्यायला हवं, हे मला त्या हातांनी सांगितलं. यंत्र यानंतर येतं. हाताने दिलेली ओढ ज्याची कळ घालवते, त्याला यंत्राने दिलेल्या ओढीनेही बरं वाटण्याची शक्यता असते. आणि हाताच्या ओढीने ज्याची कळ वाढते, त्याला यंत्राला जोडणं हा अन्याय आहे.

आता सरांच्या कप्पीकडे वळू. माणसाचं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं असतं. बसलेल्या माणसाला वरून तेवढ्याच वजनाची ओढ दिली, तर ती डोक्याचा भार फक्त पेलते. मणक्यांमध्ये फट पडायची तर त्याहून जास्त ओढ हवी. १९५२ साली ज्युडोविच या अमेरिकी डॉक्टरांनी हेच दाखवलं, की वॉर्डात लावली जाणारी थोडकी वजनं मणक्यांपर्यंत पोचत नाहीत. पुढे १९६५ च्या सुमारास कोलाचिस आणि स्ट्रॉम यांनी निरोगी तरुणांच्या मानेला सुमारे साडेतेरा किलोची ओढ देऊन एक्स-रे काढले आणि मणक्यांमधलं अंतर मोजलं. मान थोडी पुढे झुकलेली असताना मागच्या बाजूची फट जास्त उघडते, असं त्यांना दिसलं. ही फट एक-दीड मिलिमीटरच्या घरातली असते. ऐकायला काहीच नाही. पण खिडकीच इतकी लहान आहे की सुजलेल्या नसेला तेवढी जागाही पुष्कळ होते.

त्याच मोजमापांतून आणखी एक गोष्ट समोर आली, आणि ती रुग्णांना सांगितली जात नाही. वजन काढल्यावर ही फट थोड्याच वेळात बरीचशी मिटते. म्हणजे ट्रॅक्शनने ‘गॅप भरून येतो’, ‘गादी जागेवर बसते’, असं जे सर्रास बोललं जातं, त्याला आधार नाही. ट्रॅक्शन नसेला थोडी उसंत देतं. सूज ओसरायला, स्नायू सैल पडायला, रात्रीची झोप लागायला ती उसंत उपयोगी पडते. त्या उसंतीत व्यायाम करून घ्यायचा असतो. तो केला नाही, तर वीस मिनिटं वजन लावून माणूस घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच परत येतो. दहा दिवस, पंधरा दिवस, महिना.

ओढून मान सोडवण्याची कल्पना नवी नाही. सुश्रुतसंहितेत चिकित्सास्थानाचा तिसरा अध्याय हाडं मोडण्यावर आणि सांधे निखळण्यावर आहे. मान मुरगळली किंवा आत दबली तर मानेच्या मागच्या खळग्यात आणि दोन्ही जबड्यांना धरून माणसाला वर उचलावं, असं त्यात सांगितलं आहे. माझे हात मावशींच्या डोक्याला जिथे लागले, जवळजवळ त्याच या जागा. पण सुश्रुत तिथे थांबत नाही. उचलल्यावर आधाराच्या पट्ट्या नीट लावायच्या, कापडाने बांधायचं आणि सात रात्री उताणं निजवायचं, हेही तो सांगतो. ओढून झाल्यावर पुढे काय करायचं याचा विचार त्याने ओढण्याच्या बरोबरच केला होता. मला त्या अध्यायातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

युरोपात हिपोक्रेटिसच्या नावाने ओढण्याचा बाक प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात इंग्लंडच्या फ्रान्सिस ग्लिसनने मुडदूस झालेल्या मुलांना हनुवटीखाली आणि काखेत पट्टे घालून लोंबकळवायला सुरुवात केली. हनुवटीच्या त्या पट्ट्याला अजून ग्लिसनचं नाव आहे. पण मला जिच्याबद्दल विस्ताराने बोलायचं आहे ती गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची आहे.

ओडेसा शहरात मोचुत्कोव्हस्की नावाचे डॉक्टर होते. सिफिलिसने मज्जारज्जू झिजून ज्याचे पाय लटपटत, अशा एका रुग्णाला त्यांनी पाठीला प्लास्टर घालण्यासाठी डोक्याच्या पट्ट्याने टांगलं. रुग्णाला बरं वाटलं. त्यांनी इतरांवर तेच करून पाहिलं आणि १८८३ मध्ये लिहिलं. सहा वर्षं कोणी फारसं लक्ष दिलं नाही. मग १८८९ मध्ये पॅरिसमध्ये शार्को यांनी हा उपचार उचलून धरला. शार्को म्हणजे त्या काळच्या मज्जासंस्थेच्या वैद्यकाचे सर्वांत मोठे गुरू. त्यांनी म्हटल्याबरोबर काही महिन्यांत युरोप-अमेरिकेत रुग्ण डोक्याने टांगले जाऊ लागले. ज्या आजारासाठी हे चाललं होतं त्या आजारावर त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. थोड्याच वर्षांत ते सगळं बंद पडलं. हुशार, प्रामाणिक माणसांनी, खऱ्याखुऱ्या तळमळीने, चुकीच्या रुग्णाला ओढ दिली. ओढ दिल्यावर क्षणभर बरं वाटतं आणि त्या बरं वाटण्यावर विश्वास बसतो, म्हणून हे घडलं. आज आपल्या गल्लीत जेव्हा प्रत्येक दुखऱ्या मानेला सरसकट दहा दिवसांचं पॅकेज सांगितलं जातं, तेव्हा मला १८८९ साल आठवतं.

ट्रॅक्शन आपल्याकडे आलं ते अस्थिरोग विभागांमधून आणि फिजिओथेरपीच्या शिक्षणातून. मुंबईत पोलिओची साथ येऊन गेल्यावर के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५२ च्या सुमारास देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. हाजीअलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले डॉ. जेम्स सिरिॲक्स यांची पुस्तकं आमच्या आधीच्या पिढ्यांनी पाठ केली. ते हाताने देण्याच्या ओढीचे मोठे पुरस्कर्ते होते आणि तपासणीच्या बाबतीत अतिशय कडक होते. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांतून फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलामुलींना पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशिकमध्ये, म्हसरूळला आहे. म्हणून या विषयात नाशिकची जबाबदारी जास्त आहे असं मी मानते.

पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोऱ्या, पट्टे, खुर्च्या वापरून जे काम केलं त्याचाही उल्लेख करायला हवा. भिंतीतल्या दोरीच्या आधाराने उलटं व्हायच्या त्यांच्या पद्धतीत डोकं जमिनीला टेकत नाही. साध्या शीर्षासनात मानेवर शरीराचा भार येतो, दोरीवर मात्र डोक्याच्याच वजनाने मानेला ओढ बसते. यामागे शरीराची बारीक समज आहे. पण ते शिक्षकाच्या नजरेखाली करायचं, आणि उच्च रक्तदाब किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी करायचं नाही. मोबाइलवर व्हिडिओ पाहून दाराच्या कडीला दोरी बांधणाऱ्या दोन जणांना मी गेल्या काही वर्षांत तपासलं आहे. कृपा करून हे करू नका.

आता शास्त्रीय पुरावा काय म्हणतो ते सांगते, आणि माझ्या पेशाला ते फारसं सुखाचं नसलं तरी सरळ सांगते. २००८ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत मानेच्या ट्रॅक्शनचे सात प्रयोग तपासले गेले. त्यातला एकच नीट रचलेला निघाला, आणि सतत ओढ देण्याच्या पद्धतीत खोट्या उपचारापेक्षा काही वेगळा फायदा दिसला नाही. २००९ मध्ये नस दाबलेल्या ८१ रुग्णांवर एक प्रयोग झाला. हाताचे उपचार आणि व्यायाम दोन्ही गटांना दिले, एका गटाला वर ट्रॅक्शन दिलं, दुसऱ्याला नुसता देखावा. दोन्ही गट सारखेच सुधारले. २०१४ मध्ये फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी अशाच ८६ रुग्णांचे तीन गट केले: फक्त व्यायाम, व्यायाम आणि यंत्राचं ट्रॅक्शन, व्यायाम आणि दारावरचं ट्रॅक्शन. इथे मात्र यंत्राच्या ट्रॅक्शनसह व्यायाम करणारे सहा महिन्यांनी आणि वर्षाने सर्वांत बरे होते.

यावरून मी काय घेते? सगळ्या मानांना एकत्र ढकललं की ट्रॅक्शनचा उपयोग दिसत नाही. नस दाबलेले रुग्ण वेगळे काढले, पुरेशी ओढ दिली आणि व्यायामाची जोड दिली, तर काहींना फायदा होतो, तोही माफक. आणि वरच्या तीनही गटांना व्यायाम होता, हे विसरू नये. आणखी एक दिलासा देणारी गोष्ट. अमेरिकेत रॉचेस्टर इथे डॉ. राधाकृष्णन आणि सहकाऱ्यांनी नस दाबल्या गेलेल्या रुग्णांची पुढची वर्षं तपासून १९९४ मध्ये मांडली. शेवटच्या भेटीत सुमारे ९० टक्के लोकांना त्रास नव्हता किंवा अगदी किरकोळ होता. बहुतेक माना वेळ घेऊन बऱ्या होतात. तो वेळ सुसह्य करणं, एवढंच आमचं काम.

एमआरआयच्या कागदाने घाबरून जाणाऱ्यांसाठीही एक आकडा. १९९० मध्ये बोडेन यांनी मान कधीच न दुखलेल्या माणसांचे एमआरआय पाहिले. चाळिशीच्या आतल्या १४ टक्के आणि चाळिशीच्या वरच्या २८ टक्के लोकांच्या मानेत बिघाड दिसला. फोटोत दिसतं आहे म्हणून तेच दुखतं आहे, असं नसतं.

कोणत्या मानेला वजन अजिबात लावायचं नाही, हे मात्र सगळ्यांच्या लक्षात राहायला हवं. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे आले. एका रुग्णालयात कित्येक आठवडे त्यांच्या मानेला वजन लावलं जात होतं. दुखणं फार नव्हतं, पण ‘गुण येत नाही’ अशी तक्रार होती. खोलीत शिरताना त्यांच्या उजव्या पायातली चप्पल निसटली आणि त्यांना ते कळलं नाही. मी त्यांना चालून दाखवायला सांगितलं, शर्टाचं बटण लावायला सांगितलं. चाल फाकलेली होती, बटण लागेना. मज्जारज्जूच दाबला गेला होता. त्यांना मी त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवलं. शस्त्रक्रियेनंतर चाल पुष्कळ सुधारली, बोटांचा बधिरपणा राहिला. इतक्या आठवड्यांत त्यांना एकदाही कोणी चालायला लावलं नव्हतं.

तेव्हा पाय लटपटत असतील, चप्पल निसटत असेल, बटण लागत नसेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर ट्रॅक्शनचं नाव काढू नका. संध्याकाळी बारीक ताप, घटलेलं वजन आणि रात्री उठवणारी मानदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग नाही ना हे आधी पाहायला हवं. आपल्या देशात हे विसरणं परवडत नाही. संधिवाताच्या जुन्या रुग्णांमध्ये वरचे दोन मणके एकमेकांवर ढिले झालेले असू शकतात, तिथे ओढ धोक्याची. अपघातानंतरची मान, कर्करोग झालेल्या माणसाची मान, हाडं ठिसूळ झालेल्या आजींची मान, या सगळ्यांचा निर्णय डॉक्टरांनी तपासून करायचा. आणि सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडाकडा मोडून घेणं बंद करा. मणक्यांतून मेंदूकडे जाणारी रोहिणी त्या झटक्याने आतून फाटू शकते. असं झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

घरी लावायचा दारावरचा संच आता औषधांच्या दुकानात मिळतो. पाण्याची पिशवी, दोरी, कप्पी, हनुवटीचा पट्टा. जाणकाराने तपासून सांगितलं असेल तरच वापरा आणि पहिली खेप सांगणाऱ्यासमोर लावून घ्या. बहुतेक जण दाराकडे पाठ करून बसतात. मग मान मागे ओढली जाते आणि खिडकी उघडायची ती बंद होते. दाराकडे तोंड करून बसायचं. ओढ मुख्यतः डोक्याच्या मागच्या भागावर यायला हवी. सगळा भार हनुवटीवर आला तर आठवडाभरात जबड्याचा सांधा दुखायला लागतो. हाताच्या मुंग्या वाढल्या, चक्कर आली, तर लगेच सोडायचं. आणि तुमच्या कागदावर नुसतं ‘ट्रॅक्शन दहा दिवस’ लिहिलेलं असेल तर तो कागद परत न्या. किती किलो, कोणत्या कोनात, सलग की थांबून थांबून, किती मिनिटं, आणि सोबत कोणता व्यायाम, हे त्यावर हवं. गोळीच्या कागदावर मिलिग्रॅम नसेल तर तुम्ही ती घेणार नाही.

मावशींना आम्ही उताणं झोपवून, मान थोडी पुढे ठेवून, थांबून थांबून ओढ दिली. कमी वजनाने सुरुवात केली, प्रत्येक खेपेला हातातली कळ विचारून वजन वाढवलं. हनुवटी आत घेऊन मानेच्या खोल स्नायूंना जोर देण्याचा व्यायाम, खांद्याची पाती मागे ओढण्याचा व्यायाम त्या आधी माझ्यासमोर आणि मग घरी करू लागल्या. काही आठवड्यांत डोक्यावरचा हात खाली आला, दंडातला जोर त्याहून बराच उशिरा परतला. नस तिच्या वेळेनेच भरते. ओढ देऊन पहिल्या चार-सहा खेपांत फरक पडला नाही, तर मी ती पुढे देत नाही.

त्यानंतर त्यांना परत बागेत जायचं होतं, कारण विरळणी थांबत नाही. मी त्यांच्या मुकादमाशी बोलले. मांडवाची उंची सगळ्यांना एकच असते आणि मावशी बुटक्या आहेत. पायाखाली रुंद, न डुलणारा पाट दिला तर घड डोळ्यांसमोर येतो आणि मान मागे टाकावी लागत नाही. तासाभराने एक ओळ सोडून खालचं काम, पाला गोळा करणं, काडी बांधणं, असं आलटूनपालटून दिलं तर मानेला विसावा मिळतो. मुकादमाने नीट ऐकून घेतलं. मग त्याने मला सांगितलं की काम उक्तं घेतलेलं असतं. पाट उचलून पुढच्या झाडाखाली न्यायचा, ओळ बदलायची, यात वेळ जातो, आणि तो वेळ टोळीच्या पैशातून जातो. मावशींसाठी तो हे करेल, सगळ्या बायांसाठी त्याला परवडणार नाही.

त्याचं म्हणणं खरं आहे, आणि त्यावरचा उपाय माझ्या दवाखान्यात नाही. आज समोर द्राक्ष बागायतदार बसलेले आहेत. ऑक्टोबर छाटणीला अजून काही महिने आहेत आणि उक्त्याचे दर त्याच्या आधी ठरतात. या हंगामाचा दर ठरवताना पाटाचा आणि विसाव्याचा वेळ त्यात धरा, एवढं मागून मी थांबते.